अखेरचें कारण आणि मूळ कारण

शिरोळ तालुक्यांत नृसिंहवाडीस कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम आहे. या नद्यांनीं या मुलुखाला उसाचे मळे दिले, तसेच २००५, २०१९ व २०२१ सालीं महापूरही दाखविले. पूर ओसरल्यावर येथील गृहिणीस पहिली चिंता पिण्याच्या पाण्याची पडते. अशा दिवसांत एखाद्या घरचें लहान मूल रक्ताच्या हगवणीनें आजारी पडलें, आठवड्याभरांत त्याची लघवी बंद झाली आणि तें दगावलें, अशी कल्पना करूं. डॉक्टरांनीं दाखल्यावर 'मूत्रपिंडें निकामी झालीं' एवढेंच लिहिलें. हें असत्य नव्हे. पण याला सत्य म्हणावें काय?

अशा आजारास हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम हें नांव १९५५ सालीं स्विस वैद्य गासर व त्यांचे सहकारी यांनीं दिलें. यांत रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात, रक्त गोठविणाऱ्या बिंबिका घटतात आणि मूत्रपिंडें काम सोडतात. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तींत त्याचा क्रमांक डी ५९.३ असा आहे. मूत्रपिंडें अकस्मात् निकामी झालीं, एवढेंच लिहिल्यास क्रमांक पडतो एन १७.९, आणि शिगेला डिसेंटरी या जंतूची हगवण मूळाशीं सांपडली तर तिचा क्रमांक ए ०३.०. दाखल्यांत वरच्या ओळींत अखेरचें कारण, त्याखालीं त्याचें कारण, असें उतरत जाऊन शेवटीं मूळ कारण लिहावयाचें असतें. गणतींत धरलें जातें तें हें मूळ कारण. जो पहिल्याच ओळीवर थांबला, त्यानें तो मृत्यु मूत्रपिंडांच्या रकान्यांत घातला. त्या रकान्यांतून उठून गांवच्या पाण्याच्या टाकीपर्यंत कोणीही जात नाहीं.

कोणी म्हणेल, त्या मातेला या क्रमांकाचें काय? कांहींच नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. तिचें मूल कोणत्याही आंकड्यानें परत येत नाहीं. पण तो आंकडा तिच्यासाठीं नसतोच; तो शेजारच्या घरांतील मुलासाठीं असतो.

मात्र दुसऱ्या बाजूनेंही सावध राहिलें पाहिजे. जंतूचा शोध न घेतां पाण्यावर ठपका ठेवणें हेंही असत्यच होय. भारतांतील अनेक मुलांत हा रोग हगवणीमुळें नव्हे, तर शरीरानें स्वतःच्याच एका संरक्षक प्रथिनाविरुद्ध निर्माण केलेल्या प्रतिपिंडांमुळें होतो, असें बालरोगतज्ज्ञांना आढळलें आहे. तेथें रक्तद्रव बदलण्याचा उपचार वेळींच करावा लागतो; पाण्याला दोष देत बसणाऱ्याच्या हातून ती वेळ निघून जाते.

तेव्हां लिहिणाराचें कर्तव्य दुहेरी आहे. जेथवर कळलें तेथवर आळस न करतां लिहावें, आणि जें कळलें नाहीं तें 'कळलें नाहीं' असेंच लिहावें. पहिल्यास कष्ट पडतात, दुसऱ्यास अहंकार सोडावा लागतो. दाखल्याखालीं सही करण्यास क्षणभर पुरतो; परंतु पुढील पावसाळ्यांत त्या गांवचीं मुलें कोणतें पाणी पितील, हें कांहीं अंशीं त्या क्षणावर अवलंबून असतें.