विकत घेतलेली तलवार

ब्लिझार्ड कंपनीचा ‘डायब्लो ३’ हा संगणकावरचा खेळ मे २०१२ मध्ये आला. त्यातली मजा सरळ होती. एकट्याने किंवा चौघांनी मिळून राक्षस मारायचे, ते कोसळले की काय पडतं ते पाहायचं, आणि अनेकदा हिरमोड झाल्यावर कधीतरी मनासारखी तलवार हाती लागायची. याच खेळात कंपनीने लिलावघर उघडलं. सापडलेली शस्त्रं खेळाडूंनी एकमेकांना विकायची, खेळातल्या सोन्यावर किंवा खऱ्या पैशांवर. खऱ्या पैशांच्या विक्रीत कंपनीचा वाटा असे.

हेतू वाईट नव्हता. ‘डायब्लो २’मधली शस्त्रं बाहेरच्या संकेतस्थळांवर चोरटेपणाने विकली जात, त्यात फसवणूक होई. तो बाजार देखरेखीखाली यावा, एवढंच कंपनीला हवं होतं. पण रात्रभर लढून मिळेल त्याहून सरस चिलखत लिलावात आयतं मिळू लागलं, तशी लढाई मागे पडली आणि लोक भाव बघत बसले. खेळाचे माजी दिग्दर्शक जे विल्सन यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे मान्य केलं की लिलावघराने खेळाचं नुकसान केलं. १८ मार्च २०१४ ला ते बंद झालं. त्याच सुमारास लुटीचे नियमही बदलले: आधीपेक्षा कमी वस्तू पडू लागल्या, पण आपल्या पात्राच्या उपयोगाच्या. खेळात पुन्हा जीव आला.

पैसे किती घेतले यावर आपण भांडतो. काय विकलं हे मला त्याहून मोठं वाटतं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची वर्गणी महिन्याला सुमारे १५ डॉलर होती, तरी २०१० मध्ये त्या खेळाचे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. वर्गणी भरून आत शिरता येई. आतली लढाई मात्र लढावीच लागे. ‘डोटा २’ फुकट आहे, त्यातले सगळे नायक सर्वांना खुले आहेत, विकले जातात ते पोशाख. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हे सगळे मान्य करतात. पण दांडी उडाल्यावरही तो हटला नाही, तर बाकीचे घरी जातात. आणि फुकट खेळणारे घरी गेले, तर पैसे भरणाऱ्याने खेळायचं कोणाशी?

‘बीजीएमआय’ या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळात यूसी, म्हणजे रुपये देऊन घ्यायचं खेळातलं चलन, मोजून मिळणाऱ्या बंदुकीच्या रंगरूपाने गोळीचा मारा वाढत नाही, म्हणून लढत बरीचशी शाबूत राहते. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. रुपयांचं आधी यूसी होतं, यूसीची पेटी होते, आणि पेटीत काय निघेल ते नशिबावर. खेळणाऱ्या मुलाच्या हातून किती रुपये गेले ते त्यालाच कळत नाही. बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये अशा काही पेट्यांना सरळ जुगार ठरवलं, आणि ते मला पटतं. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. जिंकून पैसे मिळतात का, हा त्या कायद्याचा मुख्य प्रश्न. पेटीतून पैसे कधीच परत येत नाहीत, जातात मात्र खरे. निदान प्रत्येक पेटीवर किंमत रुपयांत आणि हवी ती वस्तू निघण्याची शक्यता ठळक अक्षरांत छापणं सक्तीचं करा, आणि अठरा वर्षांखालच्यांना पेटी विकूच नका.