घेणेकऱ्यांचा हक्क आणि मशिदीला मिळालेले दान



गेल्या वर्षी असरच्या अजाननंतर एक गृहस्थ आमच्या वुजूखान्यात नळासमोर नुसतेच उभे असलेले मला दिसले. विचारले तेव्हा म्हणाले, "मौलाना, हे नळ ज्यांनी बसवून दिले, त्यांच्याकडे माझे दीड लाख अडकले आहेत. मग हे नळ त्यांचे की माझे?"

दाता कापडाचा व्यापारी. रमजानमध्ये त्याने वुजूखान्यासाठी मोठी रक्कम दिली, कमिटीने रीतसर पावती केली आणि चार महिन्यांत दुकानाला कुलूप लागले. आमची नियत साफ होती. पण साफ नियतीने घेतलेली वस्तू तेवढ्यानेच आपली होते काय?

आपल्याकडे व्यक्तीच्या दिवाळखोरीसाठी मुंबईत १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा कायदा आहे. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांतील हस्तांतरणे त्यांखाली रद्द होऊ शकतात. मात्र ज्याने सद्भावनेने आणि मोल देऊन वस्तू घेतली, त्याला संरक्षण आहे. अमेरिकेचा कायदाही याच दोन पायांवर उभा आहे. बुडत्या व्यापाऱ्याला वाजवी भावाने तांदूळ विकणाऱ्याने मिळालेला पैसा परत करायचा नाही, कारण त्या पैशाच्या जागी दुकानात तांदूळ आला आणि घेणेकऱ्यांचे काही कमी झाले नाही. दान घेणाऱ्याने मात्र त्या जागी काहीच ठेवलेले नसते. त्याची सद्भावना खरी असली तरी एकटी पडते.

हा पेच मिनेसोटा राज्यातील एका चर्चसमोर आला होता. १९९२ साली दिवाळखोरीत गेलेल्या एका दांपत्याने आधीच्या वर्षभरात चर्चला १३,४५० डॉलर दिले होते. ते परत मागितले गेले. प्रश्न चर्चच्या नियतीचा नव्हता. दानाच्या बदल्यात तितक्याच मोलाचे काही दिले काय, हा होता. खालच्या न्यायालयांनी चर्चविरुद्ध निर्णय दिला, अपील न्यायालयाने तो फिरवला आणि १९९८ मध्ये तेथील संसदेने कायदाच बदलला. आता वार्षिक उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपर्यंतचे धर्मादाय दान सामान्यतः सुरक्षित असते. धर्मसंस्थांना हायसे वाटले असेल. मला मात्र त्या घेणेकऱ्यांचा विचार सोडवत नाही.

आपल्या फुकहांचा विचार याहून कडक आहे. मालिकी फकीह म्हणतात, ज्याची कर्जे त्याच्या मालमत्तेला वेढून बसली आहेत, त्याने दान करूच नये. केले तर घेणेकरी ते रद्द करवू शकतात. इमाम बुखारी (रह.) यांनी सदक्याच्या एका प्रकरणाच्या शीर्षकातच सांगून ठेवले आहे की कर्जदाराच्या दानापेक्षा कर्जाचा हक्क मोठा आणि असे दान त्याच्याकडे परत फिरते. हनफी मतानुसार मनाई होण्यापूर्वी दिलेली भेट लागू ठरते. कमिटीतील एका ज्येष्ठांनी माझ्यासमोर हेच ठेवले, आणि ते बरोबरच होते. पण हनफी परंपराच कजा आणि दियानत यांत फरक करते: काजीसमोर काय टिकते हे एक, बंदा आणि अल्लाह यांच्यात काय उरते हे दुसरे.

ह. अबू बक्र (रजि.) यांना त्यांच्या गुलामाने एकदा अन्न आणून दिले. त्यांनी ते खाल्ले. मग गुलामाने सांगितले की अज्ञानकाळात मी एकाला भविष्य सांगण्याचे सोंग करून फसवले होते, त्याचाच हा मोबदला. खातेवेळी ह. अबू बक्र (रजि.) यांना काहीच ठाऊक नव्हते, गुन्हा नव्हता. तरी त्यांनी तोंडात हात घालून पोटातले सारे बाहेर काढले. अज्ञानाने त्यांना दोषातून सोडवले होते. ज्ञान झाल्यावर त्यांनी अज्ञानाचा आधार घेतला नाही.

आणि खरे सांगायचे तर, आमचे अज्ञान तरी निखळ होते काय? त्या व्यापाऱ्याच्या नोकरांचे पगार थकल्याची कुजबुज मी स्वतः तरावीहनंतर ऐकली होती. विचारले नाही. वुजूखाना हवा होता. सुज्ञ माणसाने चौकशी केली असती अशी खूण समोर असताना जो डोळे मिटतो, त्याला न्यायालयेही सद्भावनेचा लाभ देत नाहीत.

व्यापाऱ्याने दिवाळखोरीचा अर्ज केलाच नाही, त्यामुळे आमच्याकडे कोणी मागायला येणार नव्हते. कमिटीत वाद झाला. नळ उपटून विकले तर भंगाराचा भाव. मशिदीच्या निधीतून द्यावे, तर तो इतरांनी मशिदीसाठी दिलेला. ती अमानत दुसरीकडे वळवण्याचा अधिकार आम्हाला नाही. हे मलाही मान्य करावे लागले. शेवटी जुम्याला कारण स्पष्ट सांगून वेगळी पेटी ठेवली. पहिली रक्कम मी घातली. कुजबुज माझ्या कानावर आली होती. जमा होईल ते सर्व घेणेकऱ्यांत त्यांच्या येण्याच्या प्रमाणात वाटायचे, जो आधी दारात आला त्यालाच नव्हे, असे ठरले. थकलेल्या पगाराचे नोकरही त्या यादीत आहेत.

त्या गृहस्थांना आतापर्यंत अकरा हजार मिळाले. ते वुजू अजून घरूनच करून येतात. पेटी दाराजवळ आहे.