रिकामे आसन आणि बुद्धप्रतिमा

सांचीच्या मोठ्या स्तूपाची तोरणे इ.स.पूर्व पहिल्या शतकातली. त्यांतल्या पूर्व तोरणाच्या मधल्या तुळईवर सिद्धार्थाचा गृहत्याग कोरला आहे. डावीकडच्या नगरातून कंथक घोडा बाहेर पडतो, सेवक त्याच्यावर छत्र धरून चालतो. पाठीवर मात्र कोणीच नाही. तोच घोडा पुढे पुन्हा पुन्हा दिसतो. उजव्या टोकाला छत्राखाली पावले उमटली आहेत, सेवक छन्न त्यांच्यापुढे नमला आहे आणि परत निघालेल्या घोड्यावर आता छत्र नाही. स्वार कुठे उतरला, हे एवढ्यावरून नेमके कळते.

एकाच चौकटीत एकच पात्र अनेकदा दाखवून प्रसंग पुढे नेण्याच्या या रीतीला कलेच्या इतिहासात सलग कथन म्हणतात. छत्र, पावले, बोधिवृक्ष, चक्र ही प्रतीके. मानवी देहात घडवलेले पूज्य रूप ती प्रतिमा. कोणत्या खुणेवरून कोण ओळखायचा, हे सांगणारे शास्त्र म्हणजे प्रतिमाविद्या. अभ्यासाची सुरुवात मात्र वर्णनापासून व्हावी लागते. ‘घोड्यावर कोणी नाही’ हे वर्णन झाले, ‘तिथे बुद्ध आहे’ हा अर्थ झाला. या दोन पायऱ्यांची गल्लत झाली की पुढचा सगळा वाद भरकटतो.

सुरुवातीच्या शिल्पांत बुद्धाचा देह का टाळला, हा वाद मोठा आहे आणि त्याच्या मुळाशी तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. परिनिर्वाणानंतर, म्हणजे देहान्तानंतर, तथागत (बुद्ध) असतो की नसतो, या प्रश्नाला बुद्धाने उत्तर देण्याचे नाकारले. परंपरेने तो अव्याकृत, म्हणजे अनुत्तरित ठेवलेल्या, प्रश्नांत धरला. ज्याच्याविषयी ‘आहे’ही म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही, त्याला देह कसा द्यायचा? रिकामा घोडा किंवा रिकामे आसन हे या कोड्याचे शिल्पातले उत्तर आहे, असे मानण्याचा मोह होतो. पण बुद्धाची प्रतिमा करू नये, असा सर्वमान्य नियम प्राचीन बौद्ध ग्रंथांत स्पष्टपणे सापडत नाही. शिवाय गृहत्यागाच्या वेळी सिद्धार्थ निर्वाणाला पोचलेला नव्हता, तरी सांचीच्या शिल्पकाराने तिथेही देह टाळला. त्यामुळे निर्वाणाचा सिद्धान्त एकटा पुरेसा पडत नाही.

कलेच्या इतिहासकार सुसान हंटिंग्टन यांनी 1990 मध्ये वेगळी मांडणी केली: बुद्धाचा देह नसलेल्या पुष्कळ शिल्पांत बुद्धाचा प्रसंग नसून नंतरच्या भक्तांनी केलेली तीर्थांची पूजा आहे. विद्या देहेजिया यांनी त्याला उत्तर देताना एकाच खुणेला अनेक अर्थ असू शकतात, यावर भर दिला. देहेजियांचे म्हणणे अधिक पटते, आणि त्याला भारहूतच्या स्तूपाचा आधार आहे. तिथल्या एका शिल्पात राजा अजातशत्रू रिकाम्या आसनापुढे नमतो. शेजारचा कोरीव लेख मात्र तो भगवंताला वंदन करतो असे सांगतो. घडवणाऱ्यांच्या लेखी आसन रिकामे नव्हतेच.

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत गंधार आणि मथुरा इथे बुद्धप्रतिमा रूढ झाली. उष्णीष (डोक्यावरचा उंचवटा), ऊर्णा (भुवयांमधली खूण), लांब कान ही तिची लक्षणे. भूमिस्पर्श, धर्मचक्र या हातांच्या मुद्रा. लक्षण आणि शैली या वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे चांगले दिसते. गंधारचे जाड, चुण्यांचे वस्त्र आणि मथुरेच्या लाल दगडातला भरदार, अंगाला चिकटलेल्या तलम वस्त्रातला देह यांत शैली बदलते. बुद्ध मात्र दोन्हीकडे लक्षणांवरून ओळखता येतो.

महाराष्ट्रात प्रतीकाकडून प्रतिमेकडे झालेला हा बदल अजिंठ्यात पाहता येतो. क्रमांक 10 चे जुने चैत्यगृह, त्यातला स्तूप साधा, मूर्तीविना. पाचव्या शतकातल्या क्रमांक 19 आणि 26 च्या लेण्यांत स्तूपाच्या दर्शनी भागावरच बुद्ध कोरला आहे, एकीकडे उभा, दुसरीकडे पाय खाली सोडून बसलेला. त्याच सुमाराला क्रमांक 10 च्या खांबांवर बुद्धाच्या आकृती रंगवल्या गेल्या, जुना स्तूप मात्र तसाच राहिला. म्हणून अशा लेण्याचा काळ सांगताना खोदकामाचा आणि चित्रांचा काळ वेगवेगळा नोंदवावा लागतो.