दोघींच्या वतीने आमेन

सामान्य काळातील विसावा रविवार (वर्ष अ)
वाचने : यशया ५६:१, ६-७, रोमकरांस पत्र ११:१३-१५, २९-३२, मत्तय १५:२१-२८



दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजारी बांधवांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो. बहुतेक घरांत खाटेवर आई असते आणि उशाशी मुलगी. एका घरात मात्र हे चित्र उलटे आहे. तिथे खाटेवर ४९ वर्षांची मुलगी आहे आणि उशाशी ७८ वर्षांची आई. ह्या मावशींच्या परवानगीनेच आज त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

मुलगी जन्मतः डाऊन सिंड्रोम असलेली. आपल्यापैकी अनेकांना ती आठवत असेल. मिस्सामध्ये शांतीचिन्हाची वेळ झाली की ती आपला बाक सोडून निघायची आणि शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येकाचा हात हातात घ्यायची. ती जागेवर परतेपर्यंत वेदीवरचे धर्मगुरू थांबत असत. चार वर्षांपूर्वी ती देवळाच्या पायऱ्यांपाशी अडखळू लागली. मग विनाकारण चिडू लागली. कपडे उलटे घालू लागली, नंतर घालायचेच विसरली. एका रात्री पहिल्यांदा झटका आला. हळूहळू शब्द गेले. शेवटी एके सकाळी पेज भरवणाऱ्या मावशींना तिने विचारले, "तू कोण?" तिने बोललेल्या अखेरच्या काही वाक्यांपैकी ते एक.

हा स्मृतिभ्रंश आहे, अल्झायमरचा आजार. आजूबाजूला काहींनी बाहेरची बाधा म्हटले, काहींनी आईवडिलांच्या पापाचे फळ. दोन्ही चूक आहे. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते. हे १९५९ साली फ्रान्समधील डॉ. जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगासमोर मांडले. कॅथोलिक असलेल्या लेज्यून ह्यांनी पुढचे सारे आयुष्य अशा मुलांच्या सेवेत घालवले, आणि २०२१ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना 'पूजनीय' घोषित केले. अल्झायमरमध्ये मेंदूत जे प्रथिन साचते, त्याच्या निर्मितीची सूचना ह्याच गुणसूत्रावर असते. प्रत जादा म्हणून प्रथिनही जादा. त्यामुळे वयाच्या चाळिशीपर्यंत डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ सर्वांच्या मेंदूत ह्या आजाराच्या खुणा आढळतात, आणि पुष्कळांना पन्नाशीच्या आसपास प्रत्यक्ष त्रास सुरू होतो. पूर्वी ही मुले एवढी जगतच नसत. आता चांगल्या उपचारांमुळे साठीपर्यंत पोहोचू लागली आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे आईवडील ऐंशीपर्यंत. म्हणून हे दृश्य आपल्याला नवे वाटते. येशूने जन्मांध माणसाविषयी शिष्यांना जे बजावले (योहान ९:३), ते इथेही लागू आहे. दोष ना ह्या मुलीचा, ना तिच्या आईवडिलांचा.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना 'व्यक्ती म्हणजे काय' ह्या प्रश्नावर आम्ही रात्री उशिरापर्यंत वाद घालत असू. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक ह्यांनी १६९४ साली असे मत मांडले, की माझी स्मृती जिथवर मागे जाते तिथवरच 'मी' तोच असतो. तरुणपणी आम्हांला ते फार पटले होते. संत थॉमस अक्वायनस ह्यांचे उत्तर, की आत्मा हे शरीराचे जिवंतपण आहे आणि जोवर माणूस जिवंत तोवर तो पूर्ण व्यक्ती, आम्ही परीक्षेपुरते पाठ केले. पण ते समजले ह्या मावशींच्या घरी. लॉक ह्यांचे मत खरे मानले, तर त्या खाटेवर आता कोणीच नाही. मावशी मात्र रोज सकाळी तिच्या केसांना तेल लावतात, वेणी घालतात आणि तिला नावाने हाक मारतात. ज्या नावाने तिला स्नानसंस्कार मिळाला, त्याच नावाने. ती विसरली आहे, पण विसरली गेलेली नाही.

आता आजच्या शुभवर्तमानाकडे वळू या. सोर आणि सिदोनच्या प्रांतातील एक कनानी आई येशूच्या मागे ओरडत येते. तिची विनवणी नीट ऐका. माझ्या मुलीवर दया कर, असे ती म्हणत नाही. दया कर ती माझ्यावर, असे म्हणते. दुखणे मुलीचे आहे, पण आईने ते स्वतःच्या अंगावर घेतले आहे. मुलगी तर ह्या प्रसंगात कुठेच दिसत नाही, एक शब्दही बोलत नाही. तिचा विश्वास आहे की नाही, हे येशू विचारत नाही. आईचा विश्वास दोघींना पुरतो.

पण त्याआधी दोन गोष्टी घडतात. प्रभू काहीच उत्तर देत नाही. आणि शिष्य म्हणतात, हिला पाठवून द्या.

बंधु-भगिनींनो, आज आम्हांला आपल्यासमोर एक कबुली द्यायची आहे. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी अर्पणविधीच्या वेळी ही मुलगी मोठमोठ्याने ओरडू लागली. अनेकांनी वळून पाहिले. एका बाकावरचे कुटुंब उठून दुसरीकडे गेले. मिस्सानंतर आम्ही मावशींना सौजन्याने म्हणालो, "मावशी, कशाला एवढा त्रास घेता? आम्ही घरीच ख्रिस्तप्रसाद आणून देऊ." आम्हांला वाटले, आपण दया केली. मावशींनी त्याचा अर्थ बरोबर घेतला. त्यानंतर त्या देवळात आल्या नाहीत. शिष्यांनी जे उघडपणे सांगितले, ते आम्ही गोड शब्दांत सांगितले होते. आजच्या पहिल्या वाचनात परमेश्वर आपल्या मंदिराला सर्वांचे प्रार्थनागृह म्हणतो. 'सर्वांचे' ह्या शब्दात ओरडणारी मुलगीही येते, हे आम्हांला ठाऊक असायला हवे होते. ह्याबद्दल आम्ही मावशींची क्षमा मागितली आहे. आज आपल्या सर्वांसमोर पुन्हा मागतो.

आणि प्रभूचे ते मौन? मावशींनी ते पुरेपूर अनुभवले आहे. मुलीने "तू कोण?" विचारल्यानंतर तीन महिने त्यांनी जपमाळ हातात घेतली नाही. "फादर, देवाशी बोलायचंच नव्हतं मला," असे त्यांनी सांगितले. "पन्नास वर्षं हिला मी सांभाळलं, आणि त्यानं माझी एवढी ओळखही तिच्याकडं ठेवली नाही." आम्ही त्यांना उपदेश केला नाही, कारण आमच्याकडे उत्तर नव्हते. कनानी स्त्रीची मुलगी त्याच घटकेस बरी झाली. मावशींची मुलगी बरी झालेली नाही, आणि ह्या आजाराला बरे करणारे औषध आज वैद्यकशास्त्राकडेही नाही. मग मावशींचा विश्वास कमी पडला का? नाही. कनानी स्त्रीची थोरवी अशी, की उत्तर मिळत नसतानाही ती निघून गेली नाही. मेजावरून पडलेला चुराही आपल्याला पुरे, असे ती म्हणाली. मावशींच्या घरीही असे चुरे पडतात. एखाद्या दिवशी पेजेची वाटी ठसका न लागता संपते. एखाद्या रात्री सलग चार तास झोप लागते. मावशी अशा दिवशी खाटेपाशी बसून देवाचे आभार मानतात. तीन महिन्यांनी जपमाळ पुन्हा हाती आली ती अशाच एका रात्री.

पहिल्या शुक्रवारी आम्ही पवित्र भाकरीचा अगदी लहान तुकडा चमचाभर पाण्याबरोबर तिच्या ओठांशी नेतो. "ख्रिस्ताचे शरीर" म्हणतो. पूर्वी ती सगळ्या घराला ऐकू जाईल असे "आमेन" म्हणायची. आता म्हणत नाही. मावशी म्हणतात, आणि मग स्वतःचे "आमेन" वेगळे म्हणतात. एकदा आमच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "फादर, हिच्या स्नानसंस्काराच्या दिवशी हिच्या वतीनं मीच बोलले होते. आता परत माझीच पाळी आली."

ह्याहून खोल देवज्ञान आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही. आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल सांगतो, की देव आपले दान आणि पाचारण परत घेत नाही. स्नानसंस्काराचा ठसा मेंदूत नसतो, म्हणून तो तिथून पुसलाही जात नाही. बाळ बोलू शकत नाही तेव्हा ख्रिस्तसभा त्याच्या वतीने विश्वास प्रकट करते. बोलणे हरपलेल्या माणसासाठीही ती तेच करते. आई आपल्या पोटच्या बाळाला एक वेळ विसरेल, पण मी विसरणार नाही, अशा आशयाचे अभिवचन परमेश्वराने यशयाच्या मुखातून दिले आहे (४९:१५). मावशींच्या घरी आई विसरलेलीच नाही. मग देव कसा विसरेल?

तरीही एक प्रश्न मावशींची झोप उडवतो. "माझ्यामागं हिचं कोण?" अशा मुलांच्या कितीतरी माता मनातल्या मनात मागतात, की प्रभो, माझ्या एक दिवस आधी हिला ने. ही प्रार्थना ऐकून कोणी दचकू नये. तिच्यात प्रेमच आहे. पण ही प्रार्थना आईला करावी लागते, ह्याचा अर्थ तिला आपला भरवसा वाटत नाही. क्रुसाखाली पवित्र मरिया उभी होती. मरणाऱ्या पुत्राने आपल्यामागे तिला योहानाच्या स्वाधीन केले, आणि योहानाने तिला आपल्या घरी नेले. मावशींच्या प्रश्नाला उत्तर म्हणून कोणीतरी योहान व्हायला हवे.

त्यासाठी काही साध्या गोष्टी करता येतील. आठवड्यातून दोन तास कोणी त्या खाटेपाशी बसले, तर मावशींना मिस्साला, बँकेत, स्वतःच्या डॉक्टरांकडे जाता येईल. आपल्या घरी डाऊन सिंड्रोम असलेली प्रौढ व्यक्ती असेल आणि तिच्या वागण्यात बदल दिसला, तर लगेच स्मृतिभ्रंश समजून हात टेकू नका. थायरॉईड, कान, मोतीबिंदू आणि मनाची उदासी हे आधी तपासून घ्या. त्यांवर उपचार होऊ शकतात. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार बौद्धिक अपंगत्व असलेल्या अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. त्याच कायद्याखालील न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजनाही आहे. हे कागद आईवडील हिंडतेफिरते असतानाच करावेत. अर्ज भरायला मदत हवी असल्यास धर्मगुरूनिवासात या. आणि रुग्णाभ्यंग संस्कार केवळ अखेरच्या घटकेसाठी नसतो. अशा आजारात तो आधीच मागून घ्यावा.

येत्या २७ ऑगस्टला संत मोनिकाचा सण आहे. वयात आलेल्या लेकरासाठी रडलेली ती आई. ३८७ साली ओस्तिया येथे मरणशय्येवर तिने मुलांना सांगितले, की देह कुठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण ठेवा. कारण वेदी हीच आपल्या सर्वांच्या स्मरणाची जागा आहे. प्रभूने आपल्या स्मरणार्थ जे करायला सांगितले, ते आपण तिथे करतो. आणि आपल्यापैकी कोणाची स्मृती हरपली, तर बाकीच्यांनी त्याची आठवण तिथे धरून ठेवायची असते.

पुढच्या रविवारी मावशी आणि त्यांची मुलगी चाकाच्या खुर्चीसह मिस्साला येणार आहेत. पुढचा बाक त्यांच्यासाठी मोकळा ठेवू या. ती कदाचित ओरडेल. शांतीचिन्हाच्या वेळी ती उठून आपल्याकडे येऊ शकणार नाही. इतकी वर्षे ती आली, आता आपण तिच्याकडे जाऊ या. वेदीवर आम्ही थांबू.

प्रार्थना करू या : हे प्रभो, तू कनानी आईची हाक ऐकलीस. ज्या आयांची लेकरे त्यांना ओळखत नाहीत, त्यांच्याजवळ राहा. ज्यांना तुझे नाव आठवत नाही, त्यांची नावे तू विसरू नकोस. आणि त्यांच्या वतीने "आमेन" म्हणायला आम्हांला शिकव. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू