नक्कल कोणाची?

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत, आणि पुढे मालगुजारीच्या काळात, बालाघाटकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतून मोडी कागदांचे रुमाल अजूनही सापडतात. बिरसा येथील आमच्या घरीही एक आहे. गेल्या दिवाळीत नातवाने त्यातील कागदांची छायाचित्रे मोबाईलवर घेतली आणि क्षणार्धात परदेशी असलेल्या आमच्या कन्येस धाडली. आयुष्य शासकीय सेवेत गेल्यामुळे आमच्या मनात पहिला प्रश्न उभा राहिला तो कायद्याचा.

1972 च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज 75 वर्षांचा झाला की पुरावशेष ठरतो. खासगी व्यक्तीस तो देशाबाहेर पाठविता येत नाही. मूळ कागद असा बंदिस्त, त्याची प्रतिमा मात्र मोकळी! यात कायदेकर्त्यांचा दोष नाही. वस्तू गेली की वारसा गेला, हेच त्या काळी खरे होते. पण 2014 मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि संगणकास मोडी वाचावयास शिकविण्याचे प्रयत्नही चालू आहेत. आज बंद असलेला कागद उद्या कोणीही वाचू शकेल.

मग प्रतिमांवरही बंदी घालावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. जानेवारी 2004 मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा एकमेव प्रत किती असुरक्षित असते हे साऱ्यांनी पाहिले. वाळवीला तर हल्ल्याचेही निमित्त लागत नाही. नक्कल करून ठेवणे हेही रक्षणच होय.

परंतु आमच्या रुमालात एक कर्जरोखा आहे. धनको आमचे पणजोबा. ऋणको जवळच्या टोल्यावरील एक गोंड शेतकरी, सहीच्या जागी त्याची निशाणी. त्याचे वंशज येथेच नांदतात. असा कागद आहे हे त्यांना ठाऊकही नाही. तो आमच्या पेटीत राहिला, एवढ्यावरून त्यातील साऱ्या माणसांवर आमचा हक्क कसा पोहोचतो?

नव्या कायद्याने कागद कोणाकडे आहे एवढेच न पाहता, त्यात कोण आहे हेही पाहावे. मूळ कागद घरी राहो, एक प्रत सार्वजनिक अभिलेखागारात जावो. पण प्रसिद्धीपूर्वी संबंधित घरांना ती वाचून दाखवावी व त्यांचे म्हणणे नोंदवावे.

कायदा होईल तेव्हा होईल. आम्ही त्या रोख्याचे देवनागरी लिप्यंतर करून घेतले आहे. येत्या पोळ्यानंतर त्या घरी जाऊन ते वाचून दाखविणार आहोत. व्याजाचा दर वाचताना आमचा आवाज खाली येईल, हे आम्ही जाणतो. तरीही वाचणार आहोत.