रिकामे पोट आणि रिकामी दुपार

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात आम्हांला शहाळ्याचे पाणी मिळे ते खोकल्याच्या औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मोजून मिळे. एका वेळी १५ मिलिलीटर. मग घड्याळाकडे पाहत काही मिनिटे थांबायचे आणि पुन्हा १५ मिलिलीटर. दिवसअखेर दीड लिटर गाठायचे असे आहारतज्ज्ञ बाईंनी बजावले होते. म्हणजे हिशेबाने १०० झाकणे झाली. आयुष्यभर गणित शिकविलेल्या माणसाला हा हिशेब तोंडपाठ होण्यास वेळ लागला नाही. वेळ कसा घालवावा हेच मात्र उमजेना.

५ फेब्रुवारी २०२४ रोजी आमच्या जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढून टाकण्यात आला. उरलेले जठर केळ्याच्या आकाराचे असते, असे शल्यविशारदांनी कागदावर चित्र काढून समजाविले. वसईच्या माणसाला ही उपमा समजण्यास अडचण पडत नाही. वजन १२८ किलो, उंची ५ फूट ६ इंच, मधुमेह १२ वर्षांचा, रात्री झोपेत श्वास अडकण्याचा विकार आणि जिने चढताना कुरकुरणारे गुडघे, असा आमचा एकंदर संसार होता. लेखात स्वतःस ‘आम्ही’ म्हणण्याची आमची जुनी खोड आहे. त्या वजनाच्या माणसाने अनेकवचन वापरावे यात व्याकरणाच्या दृष्टीनेही काही गैर नव्हते.

शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी आम्ही मोजून पाच वेळा वजन उतरविले होते आणि पाचही वेळा ते व्याजासह परत आले होते. तरीही बातमी वाडीत पसरली तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ मिस्सेनंतर चर्चच्या पटांगणात म्हणाले, “अहो मास्तर, पोट कापून बारीक होणे म्हणजे परीक्षेत नक्कल करून पास होणे झाले. संयम तुमचा कुठे, तो तर सर्जनचा!”

हे वाक्य आम्हांला फार झोंबले. उत्तरे पुष्कळ सुचली. चष्मा लावणाऱ्यास कोणी नक्कल करणारा म्हणत नाही. आहार कमी करून वजन उतरविले की शरीर ती टंचाई समजून भूक वाढविते आणि शक्तीचा खर्च आखडता घेते. भुकेचा संदेश नेणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक जपानी संशोधकांनी १९९९ साली शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते, आणि आमच्या पोटातून काढला गेला तो नेमका हाच भाग. तेव्हा भूक हा निव्वळ चारित्र्याचा दोष नव्हे. हे सर्व खरे आहे. पण ही उत्तरे मनातल्या मनात घोळवीत असताना आमच्याच वर्गातील एक मुलगा डोळ्यांपुढे उभा राहिला. बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा अंगाने जाड होता. कवायतीच्या तासाला त्याला आम्ही मैदानाला जादा फेऱ्या घालावयास लावीत असू, आणि तो धापा टाकीत परतला की डब्यात काय आणले आहेस, असे सर्वांदेखत विचारीत असू. वर्ग हसे. तोही हसे. त्या वेळी आम्ही स्वतः ७० किलोचे होतो आणि ते आपल्या सद्‌गुणाचे फळ आहे अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

म्हणून त्या गृहस्थांना आम्ही उत्तर दिले नाही. मात्र त्यांनी प्रश्न टाकला होता तो खराच होता: ज्याला भूकच लागत नाही, त्याच्या न खाण्याला संयम म्हणावे काय?

पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ होते. डाळीचे गाळलेले पाणी, ताक, दुधात कालविलेली प्रोटीनची भुकटी. पुढे भाज्यांची गाळून केलेली पेस्ट, दही, नंतर मऊ अंडे आणि पाचव्या आठवड्यात वाफविलेले ताजे बोंबील. जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. घास इतका चावायचा की तो गिळावा लागू नये. दररोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या तर जन्मभर. (हा क्रम आमच्या डॉक्टरांनी आमच्यासाठी ठरविलेला, दुसऱ्याने तो येथून उतरवून घेऊ नये.) या साऱ्याचा त्रास होईल अशी मनाची तयारी होती. प्रत्यक्षात भुकेने छळले नाही. छळले ते दुपारने.

दिवस जेवणांच्या खांबांवर उभा असतो हे खांब काढल्यावर कळते. सकाळचा चहा-पाव, अकराचे काहीतरी तोंडात टाकणे, दुपारचे जेवण, त्यानंतरची झोप, चारचा चहा, शाळेतून परतताना बेकरीपाशी थांबणे. यातले सगळे एकदम गेले आणि सहा आठवड्यांची रजा मात्र हाती राहिली. सकाळी नऊ वाजता दिवस संपल्यासारखा वाटे आणि बाराच्या एंजेलसच्या घंटेला पुन्हा नव्याने सुरू झाल्यासारखा. वर्तमानपत्र जाहिरातींसह वाचून होई. दूरदर्शन संच लावला तर बोट नकळत पाककृतींच्या वाहिनीवर जाई. ताकाचा पेला हाती धरून आम्ही दोन-दोन तास परक्या स्त्रियांना मटण शिजविताना पाहिले आहे.

या अवस्थेला चवथ्या शतकातील एका मठवासीयाने नाव देऊन ठेवले आहे. एव्हाग्रियस हा इजिप्तच्या वाळवंटात राहणारा विरक्त. साधकाला छळणाऱ्या आठ दुर्विचारांची यादी त्याने केली. तिच्यात खादाडपणा पहिला आणि ‘अकेडिया’, म्हणजे साधनेचा व जगण्याचाच कंटाळा, सहावा. हा कंटाळा भर दुपारी येतो, असे तो लिहितो. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो. साधक खोलीच्या खिडकीकडे पुनःपुन्हा पाहतो, बाहेर येऊन नववा तास किती दूर आहे याचा अदमास घेतो. आता हा नववा तास म्हणजे दुपारचे तीन. आणि त्या वाळवंटात जेवणाची वेळ तीच! सोळाशे वर्षांपूर्वीचा तो तपस्वी कंटाळ्याचे वर्णन करू गेला आणि त्यात जेवणाची वाट पाहणे आपोआप आले, हे वाचून आम्हांला मोठा धीर आला. आणखी एक गोष्ट त्याचा शिष्य पॅलेडियस याने नोंदविली आहे. कित्येक वर्षे शिजविलेले अन्न वर्ज्य करणाऱ्या या एव्हाग्रियसला अखेरच्या दोन वर्षांत पोटाच्या दुर्बलतेमुळे आपला आहार बदलावा लागला, आणि तो भाजी, जवाची पेज किंवा कडधान्य खाऊ लागला. म्हणजे पथ्याच्या पेजेवर बसलेले आम्ही पहिलेच नव्हतो.

तेविसाव्या दिवशी घडले ते सांगितलेच पाहिजे. दुपारचे साडेतीन झाले होते. पत्नी नोकरीवर, मुलगी कॉलेजात, आई आपल्या खोलीत पडलेली. स्वयंपाकघरातील डब्यात सुकेळी होती. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ती मधासारखी सुकेळी वसईकरांस ठाऊक आहेत. भूक मुळीच नव्हती, हे आम्ही शपथेवर सांगू. पंधरा मिनिटांपूर्वीच ताक झाले होते. तरी डबा उघडला, एक सुकेळे घेतले, चावून चावून त्याचा रस केला आणि गिळले. मग दुसरे घेतले. दहा मिनिटांत छातीखाली असा गोळा आला की घाम फुटला. सायंकाळपर्यंत तीनदा ओकारी झाली. पत्नी रात्रभर उशाशी बसून राहिली. डॉक्टरांना फोन लावून विचारू लागली की काय खाण्यात आले. आम्ही पडल्या पडल्या म्हणालो, “काही नाही, वारा धरला असेल.” उपचार करणाऱ्यास खोटे सांगणे किती धोक्याचे आहे हे आम्हांस समजत होते. पण वयाच्या चोपन्नाव्या वर्षी डब्यातले सुकेळे चोरून खाल्ले हे सांगवेना.

सकाळी सांगितले. ती काही बोलली नाही. डबा उचलून शेजारी देऊन आली.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर त्या सुकेळ्यांनी दिले असे आम्हांस वाटते. जठर कापले गेले होते, घ्रेलिन घटले होते, आणि तरीही हात डब्याकडे गेला होता. पोप संत ग्रेगरी यांनी सहाव्या शतकात खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले: वेळेआधी खाणे, उंची तेच मागणे, पदार्थाच्या घडणीत नको तितके गुंतणे, फार खाणे आणि आधाशीपणे खाणे. या पाचांपैकी ‘फार’ एवढ्या एकाच प्रकारावर शस्त्रक्रियेची सत्ता चालते. बाकीचे चार केळ्याएवढ्या जठरातही सुखाने नांदतात. सर्जनने आमच्यासाठी दार अरुंद केले. पण दाराशी कोण येऊन उभे राहते हे त्याच्या हाती नव्हते, आणि त्या दुपारी येऊन उभी राहिली ती भूक नव्हती. एखादा दिवस कोणासाठीच काही न करता काढावा लागला की जी पोकळी वाटते, तीच ती होती. तोपर्यंत आम्ही तिला तीस वर्षे भूकच समजत होतो.

दुसऱ्या टोकालाही जाऊन पाहिले. महिनाभर पेस्ट खाल्ल्यावर आम्हांला अन्नाविषयी एक प्रकारची तुच्छता वाटू लागली, आणि तिचा थोडा अभिमानही. संत थॉमस अक्वायनस यांनी मात्र अन्नाचा आनंदच नाकारणे हाही दुर्गुणच मानला आहे. मिताचारी मनुष्य जेवणात रस घेतो. फक्त ताटाला आपला मालक होऊ देत नाही. राखेचा बुधवार त्या वर्षी १४ फेब्रुवारीस, शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी आला. भेटीस आलेल्या फादरांना आम्ही किंचित फुशारकीनेच विचारले, “फादर, आमचा उपास तर कडक चालला आहे, नाही का?” ते हसले. आजाऱ्याला उपासाचे बंधन नाही हे त्यांनी सांगितले. कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपासही आजाऱ्याला लागू नाही, तेव्हा पाण्याचे घोट चुकवू नका, असेही सांगितले. मग जाता जाता म्हणाले, “मास्तर, हा उपास डॉक्टरांच्या खात्यावर लिहा. देवाच्या खात्यासाठी दुसरे काहीतरी शोधा.”

ते दुसरे काय, हे शोधण्यासाठी आम्ही संत इग्नेशियसकडे वळलो, कारण अंथरुणावर कंटाळण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला नाही. १५२१ च्या मे महिन्यात पांप्लोना येथे तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. हाड वेडेवाकडे सांधले गेले आणि एक तुकडा वर राहिला. तंग बूट घातल्यावर तो दिसेल म्हणून त्यांनी तो जिवंतपणी कापवून घेतला. शरीराच्या रूपासाठी स्वेच्छेने शस्त्रक्रिया करविणारा असा हा संत! पुढे पडून राहिल्या राहिल्या त्यांनी वाचायला शूरवीरांच्या कथा मागितल्या. घरात त्या मिळाल्या नाहीत. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. पण आम्हांला मोलाची वाटते ती त्यांची पुढची खूण. वीरकथांची स्वप्ने रंगविताना मजा येई आणि नंतर मन कोरडे पडे. संतांच्या विचाराने आलेला आनंद मात्र मागाहूनही टिके. कोणत्या गोष्टीनंतर मन कसे राहते, हे त्यांनी निरखले. भोजनाविषयीच्या त्यांच्या नियमांत एक असा आहे की पुढच्या जेवणात किती खावे हे भूक नसताना, जेवण उरकल्यावरच ठरवून ठेवावे. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनीही वहीत आदल्या दिवशीच लिहून ठेवा असे सांगितले होते. त्यांनी इग्नेशियस वाचला असण्याचा संभव कमी.

आम्ही दुपारी साडेतीनला मनाला विचारू लागलो: यानंतर कसे वाटेल? पाककृतींच्या वाहिनीनंतर कोरडे. मोबाईलनंतर कोरडे. वाडीत फेरफटका मारल्यावर बरे. एके दिवशी आईपाशी बसून वाल सोलले; त्यानंतर फारच बरे.

आई ८२ वर्षांची. कवळीमुळे ती मऊ भात आणि माशाचे कालवण सावकाश खाते. तिला अर्धा तास लागतो. पाचव्या आठवड्यात आम्ही पुन्हा टेबलाशी बसू लागलो. चार चमचे मऊ खिमट, प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवायचा. आम्हांलाही अर्धाच तास लागे. बाकीची मंडळी दहा मिनिटांत उठत. तेव्हा आमच्या ध्यानात आले की गेली कित्येक वर्षे आई रोज वीस मिनिटे एकटी जेवत होती. आम्ही सर्वांत आधी ताट संपवून, सर्वांत आधी हात धुऊन दूरदर्शनपुढे बसत होतो, आणि मागे स्वयंपाकघरात तिच्या चमच्याचा आवाज येत असे. तो आवाज ऐकूनही आम्ही कधी वळून पाहिले नव्हते.

तिने तक्रार केली नाही. त्या वीस मिनिटांत तिने सांगितलेल्या गोष्टी येथे लिहिण्याजोग्या नाहीत. विहिरीवरच्या रहाटाच्या, वडिलांनी बैलगाडीतून केळी स्टेशनवर नेल्याच्या, आणि एका बहिणीच्या, जिचे नाव आम्ही चोपन्न वर्षांत प्रथमच ऐकले.

३१ मार्चला ईस्टर आला. घरात इंद्याल शिजले होते, फुगे तळले होते, धाकट्या भावाची मंडळी आली होती. आमच्या वाट्याला इंद्यालच्या रसात भिजविलेला फुग्याचा एक तुकडा आणि दोन चमचे कोंबडीचा खिमा आला. तो तुकडा आम्ही फार वेळ तोंडात धरला. त्याची चव पूर्वी शंभर फुग्यांनाही आली नव्हती, असे म्हणण्याचा मोह होतो. पण चव तीच होती. हसतखेळत सारे उठले. ताटे उचलली गेली. आईच्या ताटात भात बराच होता. तिने आमच्या रिकाम्या बशीकडे पाहिले.

“तुझे झाले ना रे? मग ऊठ की.”

“अजून चावतो आहे,” आम्ही म्हणालो.