आजारी झाडाला ताण देत नाहीत

"गाठ काढली ना वो? मंग आता हे लाइट कायले?"

आत्याबाईंनी हे विचारलं तेव्हा मी भिंतीशी उभी होते. ऑपरेशन झाल्यापासून रोज सकाळी मी स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी उभी राहते आणि डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवते. पहिल्या दिवशी ती खांद्याच्याही वर गेली नाहीत. सूनबाईनं तिथे पेन्सिलीनं रेघ मारली. आता त्या भिंतीवर रेघांची शिडी झाली आहे. रेडिएशनच्या यंत्राखाली हात डोक्यावर घेऊन निजावं लागतं. हात वर गेला नाही तर पुढचं सगळंच अडतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाईंची नणंद. वय ऐंशीच्या पुढे. दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंब नाही, दशलक्षणात दहा दिवस एकाशन, अनंत चतुर्दशीला उपवास. त्यांच्याकडे पाहूनच मी या घरात हे सगळं शिकले. म्हणून त्यांचा पुढचा शब्द मला लागला. त्या म्हणाल्या, "आंगाचा इतका मोह बरा नाही बाई. सनत्कुमार चक्रवर्तीची कथा आठोते ना?"

आठवते. आपल्यापैकी कोणाला नाही आठवत? रूपाचा गर्व उतरला म्हणून चक्रवर्तीनं राज्य सोडलं, मुनी झाला. अंगभर रोग झाले, त्यानं उपचार केले नाहीत. देव वैद्याचं रूप घेऊन आला तर मुनी म्हणाले, जन्ममरणाचा रोग बरा करता येत असेल तर बोल. लहानपणी सौसरच्या घरी आई ही कथा सांगायची तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. या वेळी वेगळाच काटा आला. शरीर आपलं नाही, आत्मा वेगळा, हे मी चाळीस वर्षं ऐकते आहे, दुसऱ्यांना सांगतेही आहे. मग ज्याला परकं म्हटलं त्या शरीरासाठी पंधरा दिवस नागपूरच्या वाऱ्या कशाला? उपचार घेणं हा मोहच की काय?

आधी आत्याबाईंच्या साध्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तोच प्रश्न मीही डॉक्टरांना विचारला होता. गाठ निघाली, कडाही साफ आल्या, मग आता काय उरलं? डॉक्टर म्हणाले, डोळ्याला दिसेल असं काही उरलं नाही, पण न दिसणाऱ्या पेशी उरल्या असू शकतात, त्यांच्यासाठी हे किरण. मला हसू आलं. न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवायला आम्हाला कोण शिकवणार? आम्ही पिढ्यान् पिढ्या पाणी गाळून पितो. दुर्बिणीतून जीव पाहिले आणि मग गाळायला लागलो, असं काही झालेलं नाही.

आकडेही सांगते, कारण बायकांना आकडे कोणी सांगत नाही, फक्त धीर देतात. स्तन राखून गाठ काढलेल्या १०,८०१ बायकांची, १७ चाचण्यांमधली माहिती एकत्र करून २०११ मध्ये जगापुढे मांडली गेली. ज्यांनी रेडिएशन घेतलं नाही त्यांच्यात दहा वर्षांत शंभरातल्या पस्तीस जणींचा रोग परतला. ज्यांनी घेतलं त्यांच्यात एकोणीस जणींचा. म्हणजे न घेताही पासष्ट जणी निभावल्या आणि घेऊनही एकोणीस जणी सापडल्या. मी कोणत्या रांगेत उभी आहे हे मला कोणी सांगू शकत नाही. केवळी भगवंतांना ठाऊक असेल. मला फक्त माझ्या हातात काय आहे तेवढं दिसतं.

आमच्या घरात हे आधीही घडलेलं आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंना हाच आजार झाला होता. ऑपरेशन झालं, जखम भरली, आणि त्यांनी पुढचं नको म्हटलं. "गेलं ना ते? आता भगवंताचं नाव घेते," म्हणाल्या. मुक्तागिरीच्या पायऱ्या चढून आल्या, सोळा दिवसांचं व्रत केलं. घरातल्या सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. मीही केलं, पाय धरले त्यांचे. दोन वर्षांनी रोग परत आला तो हाडांत. रेडिएशन घेतलं असतं तर त्या वाचल्याच असत्या असं मी म्हणणार नाही, वरचे आकडे तसं म्हणू देत नाहीत. पण त्यांचा नकार हा त्याग होता की भीती, हे आम्ही कोणी त्यांना विचारलं नाही. नागपूरला रोज कोण नेईल, खर्च किती होईल, परका माणूस अंगाला हात लावील, ही भीती त्यांनी व्रताच्या पदराखाली झाकली आणि आम्ही तो पदर उचलून पाहिला नाही. आम्हालाही ते सोयीचंच होतं.

आणखी एक कडू गोष्ट. आमच्याच घरात एका पुरुषाच्या बायपासचं ठरलं तेव्हा कोणाला सनत्कुमार आठवले नव्हते. चोवीस तासांत पैसे उभे राहिले, गाडी निघाली. बाईच्या दुखण्याशी आलं की आपल्याला शास्त्र आठवतं. माझ्याबद्दल म्हणाल तर माझ्या मनातून अजून लोणच्याच्या बरणीचासुद्धा मोह सुटलेला नाही. सून परवा बरणी हलवत होती तर मी अंथरुणावरून ओरडले. अशा बाईनं त्यागाची सुरुवात नेमकी औषधापासून का करावी?

सनत्कुमार मुनी होते. त्यांनी सहा खंडांचं राज्य आधी सोडलं आणि औषध नंतर. आणि आपल्या परंपरेत ही एकच कथा नाही. आचार्य समंतभद्रांची कथा सांगतात. त्यांना भस्मक रोग झाला. कितीही खाल्लं तरी भूक शमेना आणि मुनीला तर दिवसातून एकदाच आहार. त्यांनी गुरूंकडे समाधिमरणाची आज्ञा मागितली. गुरूंनी नाही म्हटलं. तुझ्या हातून धर्माचं काम व्हायचं आहे, मुनिवेष उतरव, रोग बरा कर, मग परत दीक्षा घे. त्यांनी तसं केलं. ज्यांनी आज्ञा मोडली नाही आणि देहही वाया घालवला नाही, त्याच समंतभद्रांनी पुढे आपल्या हाती 'रत्नकरंड श्रावकाचार' दिला. त्यात सल्लेखना केव्हा घ्यावी हे सांगताना उपसर्ग, दुष्काळ, म्हातारपण आणि रोग यांना त्यांनी एक अट घातली. ज्याचा प्रतिकार होऊ शकत नाही असा. हा शब्द मी कितीदा वाचून पुढे गेले होते. या वेळी तिथेच थांबले.

चारित्रचक्रवर्ती शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, ती दृष्टी जात चालली आणि पायाखालचे जीव दिसेनासे होणार म्हणून. तिथे उपाय उरला नव्हता. माझ्या रोगावर उपाय आहे. उपाय असताना जीव टाकणं याला धर्मानं कुठे त्याग म्हटलेलं नाही.

"मागच्या जन्मीचं कर्म असतं बाई," असं शेजारच्या एक बाई सांत्वनाला येऊन म्हणाल्या. असेल. असाता वेदनीयाचा उदय आहे हे मी मानते. पण मग वेळेवर हाताला गाठ लागली, नागपूर इतकं जवळ आहे, सून रेघा मारायला भिंतीशी उभी राहते, हा कशाचा उदय? आपल्या चार दानांमध्ये औषधदान आहे. देणाऱ्याला औषध देण्याचं पुण्य लागत असेल तर घेणाऱ्याला दोष कसा लागेल? कर्माचा सिद्धांत आपलं दुःख समजून घ्यायला आहे. दुसरीच्या खाटेशी बसून निकाल द्यायला नाही.

तरी एक प्रश्न उरलाच, आणि तो माझा स्वतःचा होता. गोटमारीनंतरच्या सोमवारी माझी पहिली पाळी आहे. सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे, पंधरा पाळ्या. पूर्वी पंचवीस असत, आता बऱ्याच जणींना पंधरा पुरतात. म्हणजे अख्खं दशलक्षण पर्व त्यात येतं. सव्वीस वर्षं मी त्या दहा दिवसांत एकाशन केलं आहे. डॉक्टर म्हणाले, वजन घटता कामा नये, मापं शरीराला बेतून घेतली आहेत. दिवसातून तीनचार वेळा खा, पाणी भरपूर प्या. अंड्याचं नाव त्यांनी काढलं, मी मान हलवली, तर म्हणाले, मूग, डाळ, दूध, पनीर, काहीही, पण पोटात जाऊ द्या.

एकाशन मोडायचं? मला रडू आलं, कॅन्सरचं नाव ऐकून आलं नव्हतं तेवढं. त्या रात्री मला मामाजी आठवले, माझे सासरे. त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात, झाड ताणावर सोडतात. पानं मलूल होतात, काही गळतात, आणि मग पावसाबरोबर झाड फुलांनी लदतं. नवी सून असताना ते तहानलेलं झाड पाहून मला कसंसंच व्हायचं. मामाजी म्हणायचे, "ताणाशिवाय बहार नाही." पण त्याच बगीच्यात डिंक्या लागलेली दोन झाडं होती. त्यांची सडकी साल ते धारदार चाकूनं खरवडून काढायचे, वर बोर्डो मलम लावायचे, आणि त्या झाडांचं पाणी मात्र कधी तोडायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "आजारी झाडाले ताण देत नाहीत. त्याले आधी जगू द्यावं लागते."

तप हा ताणच आहे. निरोगी झाडानं घ्यायचा. माझी साल खरवडून झाली आहे, आता मलमाचा वार आहे.

तेव्हा तयारी अशी चालली आहे. सौसरची वहिनी म्हणाली, "ताई, तीन आठवडे इकडेच या, नागपूर जवळ पडतं, आणि तुमचं ऊन पाणी मी सांभाळते." तीस वर्षांनी इतक्या दिवसांचं माहेरपण मिळतं आहे. सकाळची पाळी मागून घेतली, म्हणजे दिवस मावळायच्या आत घरी येऊन जेवता येईल. रात्रिभोजनाचा नियम तेवढा शाबूत राहिला. सैल सुती ब्लाउज शिवून घेतले. त्या जागी पावडर, तेल, अत्तर काही लावायचं नाही. मापाच्या स्कॅनच्या वेळी छातीवर तिळाएवढे तीन ठिपके गोंदले, रोज यंत्र त्याच खुणांवर जुळवायला. आजीच्या हातावर गोंदण होतं, आता माझ्याही अंगावर आहे.

डावी बाजू असल्यामुळे छाती भरून श्वास घ्यायचा आणि रोखायचा, म्हणजे हृदय किरणांच्या वाटेतून थोडं बाजूला सरतं. त्याचा सराव मी सामायिकाला बसल्यावर करते. श्वास भरते, मनात णमोकार म्हणते, सोडते. खोलीत आपण एकट्याच असतो म्हणे, दार बंद होतं, बाहेरून कॅमेऱ्यातून पाहतात. हलायचं नाही. आम्ही कायोत्सर्ग म्हणतो त्यात याहून वेगळं काय करतो? शरीराला स्थिर सोडायचं आणि आपण पाहणारं व्हायचं. शरीर वेगळं, मी वेगळी, हे पोथीतलं वाक्य तपासून पाहायला इतकी चांगली जागा मला आजवर मिळाली नव्हती. आणि किरण अंगात साठत नाहीत. घरी येऊन नातवाला खुशाल मांडीवर घेता येतं, हेही विचारून ठेवलं आहे.

दहा धर्मांतला एक उत्तम सत्य. गेल्या दोन महिन्यांत मी मंदिरात "छातीला जरा त्रास" एवढंच सांगत होते. परवा महिला मंडळात उभी राहिले आणि स्तनाचा कॅन्सर असं सरळ म्हटलं. शांतता झाली. मग मी त्यांना मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या कामाबद्दल सांगितलं. १९९८ पासून तिथल्या वस्त्यांतल्या दीड लाख बायकांचा अभ्यास झाला. निम्म्या बायकांना शिकवून तयार केलेल्या सेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. गाठी लवकर सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या हातानं. सभा संपल्यावर एक तरुण सून चपलांपाशी थांबून राहिली. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, "काकू, मलाही एक लागते हाताला. सासूबाईंना सांगितलं नाही." दुसऱ्याच दिवशी मी तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. तिची साधी गाठ निघाली. पण मी लाजेनं गप्प बसले असते तर तीही बसली असती, आणि तिची साधी नसती तर?

काल मंदिरात गेले. दरवर्षी भगवंतांसमोर हात जोडून मी दहा एकाशनांचा नियम घेते. काल म्हटलं, या वर्षी पंधरा पाळ्यांचा नियम. एकही चुकवणार नाही. कंटाळा आला तरी, थकवा आला तरी, कातडी लाल झाली तरी, आणि कोणी मोह म्हणालं तरी.

आत्याबाई शेजारीच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. आज सकाळी डबा घेऊन आल्या. मुगाचे लाडू होते, तुपात चांगले भाजलेले. माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "सौसरले घेऊन जाय. दोन-दोन खायजो. दिवस बुडायच्या आत."